तपकिरीचा नवस

पर्समध्ये एक, उशीच्या अभ्र्यात एक, रव्याच्या डब्यामागे एक आणि शाळेतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये खडूच्या खोक्याखाली एक. नाकात घालायच्या थेंबांच्या अशा चार बाटल्या माझ्याजवळ कायम असायच्या. बारा वर्षं. नवऱ्याला वाटायचं, हिला सर्दी झाली की ही एखादा थेंब घालते. एकाच मेडिकलवाल्याकडे दर आठवड्याला गेलं तर तो ओळखणार, म्हणून मी दुकानं बदलायचे. एकदा बाळकुम नाक्यावर, एकदा माजिवड्याला, एकदा शाळेजवळ. आणि नववीच्या पोरांना दम काय द्यायचे, तर म्हणे, खोटं बोलणाऱ्याची नजर मला लगेच कळते! काय बोलायचं आता.

सुरुवात साध्या सर्दीनं झाली. लेक पहिलीत होती, तिची सर्दी मला लागली, नाक चोंदलं. दोन थेंब टाकले आणि पाच मिनिटांत असा मोकळा श्वास आला की मी पलंगावर बसून नुसती श्वासच घेत राहिले. चार तासांनी नाक पुन्हा बंद. पुन्हा दोन थेंब. खोक्यावर लिहिलेलं असतं, पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. मी ते वाचलेलं, चष्मा लावून वाचलेलं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आता सासूबाईंचं सांगते, कारण माझी लाज तिथे आहे. त्यांना मी आई म्हणते. त्या मूळच्या जुन्नरकडच्या. लग्न होऊन कोपरच्या चाळीत आल्या, पस्तीस वर्षं तिथे काढली आणि सासरे गेल्यावर आमच्याबरोबर बाळकुमच्या फ्लॅटमध्ये आल्या. बाईंना ना साडीची हौस ना दागिन्याची. शौक एकच, तपकीर. कमरेला खोचलेली पितळेची डबी काढायची, झाकणावर दोन टिचक्या मारायच्या, चिमूट घ्यायची, एक डाव्या नाकपुडीत, एक उजव्या, आणि मग डोळे मिटून लांबलचक ‘हंऽऽ’. हातात डाग पडलेला रुमाल. बिल्डिंगमधल्या बायका आल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी डोळ्यांनी खुणा करायचे आणि त्या हसून विचारायच्या, “काय गं, डोळ्यात काय गेलं?”

गंमत म्हणजे एवढी तपकीर ओढूनही त्यांचं नाक तिखट होतं. गॅलरीत बसून ओरडायच्या, “अगं, दूध लागतंय!” मी ओट्यापाशी उभी असायचे आणि मला पत्ता नसायचा. बारा वर्षं मला कसलाच धड वास येत नव्हता. फोडणी जळली की त्या सांगायच्या, शेजारी कुणी बांगडा तळला की त्या सांगायच्या. माझ्या स्वयंपाकाचं नाक त्याच होत्या.

दोन वर्षांपूर्वी थेंब तासातासाला लागायला लागले. नवरा मागे लागला, डॉक्टरकडे जा, जा. मी गेले नाही. गेले असते तर खरं सांगावं लागलं असतं. एका संध्याकाळी शाळेतून उशिरा आले, तो दारातच म्हणाला, “गेलेलीस का डॉक्टरकडे?”

“गेलेले,” मी म्हटलं.

“मग? काय म्हणाले?”

तेवढ्यात गॅलरीतून डबीवरच्या टिचक्या ऐकू आल्या. टक टक. आणि माझ्या तोंडातून निघालं, “ॲलर्जी आहे म्हणाले. तपकिरीची.”

शप्पथ, घरात पाऊल ठेवेपर्यंत माझ्या मनात असलं काही नव्हतं. पण एकदा बोलल्यावर मी ते इतकं ताणलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं. तो म्हणाला, आई गॅलरीत ओढेल. मी म्हटलं, साडीला असतेच की. तो म्हणाला, खाली बागेत जाऊन ओढेल. मी म्हटलं, केसात असते, रुमालात असते, डॉक्टर काय वेडे आहेत का? शेवटी मी आवाज चढवून म्हटलं, “या घरात एक तर ती डबी राहील, नाही तर मी!” आमचं घर ते केवढं. गॅलरीतल्या माणसाला न ऐकू येण्याइतकं मोठं ते कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आईंनी तपकीर सोडायचा प्रयत्न केला. चार दिवस डोकं धरून बसल्या, हात थरथरायचे, जेवण जाईना. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या जिन्यात, आमच्या वरच्या मजल्याच्या वळणावर, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. डबी उघडी. मला बघून त्यांनी ती पदराखाली घेतली. अडुसष्ट वर्षांची बाई, शाळेच्या संडासामागे पकडलेल्या पोरासारखी माझ्याकडे बघत होती. मला दया आली नाही. मी घरात जाऊन नवऱ्याला फोन केला, म्हटलं, “बघ तुझ्या आईला. लपून ओढतात.” आणि त्याच दिवशी सकाळी मी बाथरूमचा नळ सोडून, आत उभं राहून थेंब घातले होते.

आई स्वतःच म्हणाल्या, “मी मोठ्याकडे जाते. सुनेच्या नाकाला त्रास नको.” माझे मोठे दीर ठाकुर्लीला राहतात. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात त्यांची दोन पोरं. आईंचे गुडघे दुखतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निघायच्या आधी त्यांनी गॅलरीतला आपला कोपरा ओल्या फडक्यानं पुसला. दोनदा पुसला. म्हणाल्या, “कण राहायला नको गं कुठे.” नवऱ्यानं त्यांची बॅग खाली नेली. लेक तेव्हा दहावीला होती आणि आजीजवळ झोपायची. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

नाक अर्थातच सुधारलं नाही. मी सांगायचे, पडद्यात असेल, गादीत असेल, हळूहळू जाईल. माणूस किती खोटं बोलू शकतो याला काही मापच नाही.

या वर्षी थेंबांनीही हात टेकले. दहा दहा वेळा टाकूनही नाक उघडेना. एकदा वर्गात धडा वाचताना दम लागून मी टेबलाला धरून उभी राहिले आणि पोरांनी शिपायाला बोलावलं. नवऱ्यानं रजा टाकली आणि मला स्वतः घेऊन गेला, ठाण्यातच, नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझी एखादी जुनी विद्यार्थिनी शोभावी अशा. त्यांनी नाकात बारीकशी दुर्बीण घातली आणि समोरच्या स्क्रीनवर माझं नाक आतून दिसायला लागलं. लालभडक, टम्म फुगलेलं मांस आणि मधे सुई जाईल एवढी फट.

“ड्रॉप्स घालता?” त्यांनी विचारलं.

“कधीतरी.”

“शेवटचे कधी घातलेत?”

“लिफ्टमध्ये,” मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

“कुठल्या लिफ्टमध्ये?” नवरा म्हणाला. तो माझ्या शेजारीच तर उभा होता लिफ्टमध्ये. तो मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होता तेवढ्यात मी पाठ फिरवून टाकले होते.

मग सगळं बाहेर आलं. किती वर्षं, दिवसातून किती वेळा. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. थेंबांनी आतल्या शिरा आवळतात म्हणून नाक उघडतं, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग माणूस पुन्हा थेंब टाकतो. वर्षानुवर्षं हे केलं की आतलं मांस फुगलेलंच राहतं. नवरा ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “आणि तपकीर? माझी आई तपकीर ओढायची. हिला त्याची ॲलर्जी आहे असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.”

“दुसऱ्यानं ओढलेल्या तपकिरीनं फार तर शिंका येतील. हे असं होत नाही. त्यांचे कागद आहेत का?”

“हरवले,” मी म्हटलं. तेव्हासुद्धा! त्या खुर्चीत बसून, नाकाचा सिनेमा समोर चालू असताना! नवऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

रिक्षात तो बाहेर बघत बसला. कापूरबावडीच्या सिग्नलला म्हणाला, “आईला सांगायला हवं.”

“नाक बरं होऊ दे. मग मीच सांगते.”

“बरं,” तो म्हणाला. लगेच म्हणाला. मला वाटलेलं तो भांडेल, दोन शब्द सुनावेल. पण आईची बॅग त्यानं स्वतःच्या हातानं खाली नेलेली, आणि ते आईसमोर उघडं पाडायची त्यालाही घाई नव्हती. तेव्हापासून आम्ही दोघंही गप्प बसलो.

थेंब बंद झाले. पहिले आठ-दहा दिवस मी माणसात नव्हते. तोंड उघडं टाकून बसायचे, ओठ सुकायचे, सगळ्यांवर खेकसायचे. दुसरा एक स्प्रे दिलेला, त्यानं दीड महिन्यात थोडी सूज उतरली, पण पुरेशी नाही. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छोटंसं काम करू. वरून काही कापायचं नाही, टाके नाहीत, दुर्बिणीतून बघत एक बारीक सुई त्या फुगलेल्या मांसात घालायची आणि करंटच्या उष्णतेनं ते आतून आकसवायचं. सकाळी या, दुपारी घरी जा. तसंच झालं. बधिर करायला नाकात औषधाचे बोळे घातले, घशाशी कडू उतरलं, टाचण्या टोचल्यासारखं वाटलं, एक बारीकसा सूं आवाज, आणि अर्ध्या तासात मी बाहेर. एवढंसं काम. एवढ्याशा कामासाठी मी बारा वर्षं खोटं बोलले.

ऑपरेशन हा शब्द मात्र ठाकुर्लीला मोठा होऊन पोचला होता. त्याच संध्याकाळी आई दारात. गुडघे धरत, एक पिशवी आणि एक बॅग घेऊन, एकट्या रिक्षा बदलत आलेल्या. “नाकावर बँडेज कुठंय?” म्हणाल्या. त्यांना वाटलेलं नाक कापणार. मी म्हटलं, आतून केलंय. तर म्हणाल्या, “हां, म्हणजे दिसायला आहेस तशीच राहणार. बरं, असू दे.” मी हसले आणि हसताना नाक दुखलं.

पहिले काही दिवस नाक आणखीच बंद असतं, आत खपल्या धरतात. आई पाणी उकळून कोमट करायच्या, त्यात डॉक्टरांनी दिलेली मिठाची पुडी टाकायच्या आणि मी बेसिनपाशी नाक धुताना माझी वेणी मागे धरून उभ्या राहायच्या. मऊ भात, मुगाची आमटी. मला उठू देत नव्हत्या. एका दुपारी पाहिलं, त्या गॅलरीच्या दाराशी बसलेल्या आणि उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होत्या. चिमटीत काही नव्हतं.

“आई, डबी?” मी विचारलं.

“सोडली.”

“सोडली म्हणजे?”

“टिटवाळ्याला जाऊन आले. गणपतीला बोलले, माझ्या सुनेचं नाक मोकळं होऊ दे, जन्मात तपकिरीला हात लावणार नाही. आणि म्हटलं, देवाला ताटकळत कशाला ठेवायचं, बोलले त्याच दिवसापासून सोडली. महिना होऊन गेला.” आणि हसल्या. “मेलं बोट ऐकत नाही अजून.”

मी उशीत तोंड घातलं. त्यांना वाटलं नाक दुखतंय. पाठीवरून हात फिरवत बसल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, नका हो हात फिरवू! पण मी गप्प. गप्प बसायची मला केवढी सवय.

बाराव्या दिवशी खपल्या सुटल्या आणि नाक मोकळं झालं. आई रवा भाजत होत्या आणि तुपात परतलेल्या रव्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, डबे उघडून हुंगत सुटले. हिंग, धने, गूळ, कोथिंबीर. आईंच्या खांद्याला नाक लावलं, साबणाचा वास आला, दुसरा कसला नाही. आई ओट्यापाशीच हात जोडून उभ्या राहिल्या. “पावला गं बाई, पावला!” मग ठाकुर्लीला फोन. मग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यांना शिरा देत आई म्हणाल्या, “माझ्याच पायी पोरीचं नाक बंद होतं हो. वर्षानुवर्षं बिचारीनं सोसलं, एका शब्दानं बोलली नाही. मी मेली आपली चिमट्या ओढतेय.”

काकू म्हणाल्या, “असतं एकेकाचं व्यसन.”

आणि आईंनी मान डोलावली. मी तिथे शिऱ्याची बशी हातात धरून उभी होते. जमीन दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं. माझ्यासमोर, माझ्या घरात, ती बाई माझं पाप स्वतःच्या नावावर घेऊन लोकांना शिरा वाटत होती.

दोन दिवसांनी त्यांनी बॅग भरायला घेतली. “आता तू धडधाकट झालीस. जाते मी.” मी म्हटलं, राहा ना. म्हणाल्या, “नको. अंगात मुरलेली असते गं ती. परत काही झालं तुला म्हणजे?” साड्यांच्या घड्या करत होत्या. नवरा ऑफिसला गेलेला. मला कळत होतं, आत्ता नाही बोलले तर ही बाई तीन मजले चढून त्या एका खोलीत कायमची जाईल, आणि मरेपर्यंत स्वतःलाच दोष देईल.

“आई, तपकिरीनं काही झालेलं नाही,” मी म्हटलं.

त्यांनी घडी घालायची थांबवली नाही. मी रव्याच्या डब्यामागे राहिलेली बाटली काढून आणली, त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं. चार जागा, तीन दुकानं, बारा वर्षं. डॉक्टरकडे गेलेच नव्हते ते. त्यांच्या डबीच्या टिचक्या ऐकून नाव घेतलं ते. जिन्यात त्यांना पकडलं त्या दिवशी मी सकाळी काय केलं ते. मी रडत होते आणि मोकळ्या नाकानं रडताना नाक पुन्हा भरत होतं.

आई पलंगावर बसल्या. बाटली हातात घेऊन बघितली, टोपण उघडलं, वास घेतला, बंद केलं. मला वाटलं शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. त्यांनी एकच विचारलं.

“त्याला ठाऊक होतं?”

“कधी?”

“कधीही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं सांगितलं असेल ना. दोन महिने होत आले. तो बरोबर होता?”

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि जिन्यातल्या त्या दिवशी बघितलं होतं तसंच बघत होत्या. घाबरून.

“नाही,” मी म्हटलं. “मी एकटीच गेलेले. त्याला काहीच ठाऊक नाही.”

त्यांनी श्वास सोडला. “मग ठीक आहे,” म्हणाल्या. “तू सून आहेस. सुनेनं केलं तर माणूस रडतं, भांडतं, दोन दिवस अबोला धरतं. पण त्यानं लपवलं असतं तर मी कुणाकडे बघायचं होतं?” मग एकदम आवाज चढला. “आणि भवाने, माझ्या नातीची दहावी गेली गं माझ्याविना! त्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे गेले माझे!” मी मान खाली घातली. बॅगेतल्या साड्या त्यांनी भराभर बाहेर काढून पलंगावर टाकल्या. “जाणार नाही आता. का जाऊ? माझं घर आहे हे.”

“आई, मी तपकीर आणून देते. आत्ता जाते.”

“नवस बोललेय मी.”

“पण त्या नवसाला काही अर्थच...”

“नाक मोकळं झालं ना? मग! गणपतीला काय तुझ्या भानगडी सांगत बसू?”

संध्याकाळी नवरा आला. पान वाढलं, तो जेवायला बसला, आणि मला त्याला बाजूला घेऊन काही सांगायला मिळायच्या आत आई त्याच्याजवळ बसून सुरू झाल्या. “तुझ्या बायकोनं काय केलं ठाऊक आहे तुला?” सगळं सांगितलं, बाटल्यांपासून. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आईंच्या पाठीमागून मान हलवली, नाही म्हणून.

“काय सांगतेस!” तो म्हणाला. इतकं वाईट म्हणाला की नववीतलं पोरही बरं खोटं बोललं असतं. पण आईंना ते खरं वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुला बिचाऱ्याला कुठलं ठाऊक असायला,” त्या म्हणाल्या. “तू माझ्यापासून कधी काही लपवलंयस?”

त्याचा घास हातातच राहिला. आमटीतल्या हिंगाचा वास मला स्वच्छ येत होता. मी त्याच्या पानात भात वाढला.